न बदलणारा पत्ता

१

माझं काम काय, हे सांगितलं की लोक आधी हसतात. मी दुकानं तपासते, पण दुकानात पाऊल न टाकता. एखादी कंपनी एकच मिक्सर एका शहरात स्वस्त आणि दुसऱ्या शहरात महाग दाखवते का, जाहिरातीत कबूल केलेली सूट गिऱ्हाइकाला खरंच मिळते का, हे घरबसल्या बघायचं आणि कळवायचं. त्यासाठी त्या दुकानांच्या वेबसाइटला असं वाटलं पाहिजे की मी त्याच शहरातल्या एखाद्या साध्या घरात बसून खरेदी करते आहे. तपासनीस आलाय म्हटल्यावर सगळेच दुकानदार शहाण्यासारखे वागतात.

म्हणून ऑफिसने मला एक पत्ता घेऊन दिला. घराचा पत्ता नव्हे, इंटरनेटचा. टिंबं देऊन लिहिलेले नुसते आकडे. तो बसवून द्यायला सपोर्टच्या माणसाचा फोन आला. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. प्रत्येक वाक्याला तो ‘निवांत’ म्हणायचा, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव निवांतच ठेवलं होतं.

कॉम्प्युटरवरचं काम सोपं होतं. सेटिंग, त्यात नेटवर्क, त्यात प्रॉक्सी, म्हणजे उसन्या पत्त्याची जागा. एका चौकटीत आकडे भरायचे, शेजारच्या चौकटीत पोर्टचा क्रमांक, मग नाव आणि पासवर्ड. फोनवर वाय-फायच्या नावावर बोट दाबून ठेवायचं, ‘मॅन्युअल’ निवडायचं आणि पुन्हा तेच सगळं भरायचं. दुकानं फोनवर वेगळी किंमत दाखवतात, म्हणून दोन्हीकडे हवं होतं.

“हा स्टॅटिक आहे मॅडम,” निवांत म्हणाला. “म्हणजे बदलत नाही. दुसरे स्वस्तातले पत्ते सारखे बदलतात आणि दुकानांना संशय येतो. हा एकाच घराचा आहे, कायमचा. निवांत काम करा.”

मी विचारलं, कुणाचं घर?

असेल कुणाचं तरी, असं तो म्हणाला. काही लोक आपली जोडणी भाड्याने देतात. त्यांना तुम्ही कोण ते माहीत नसतं, तुम्हाला ते कोण ते माहीत नसतं. त्याने सांगितलेलं एक पान मी उघडलं. आपण कुठे आहोत ते त्या पानावर दिसतं. तिथे एका लांबच्या शहराचं नाव आलं. रात्रभर गाडीत बसल्याशिवाय पोचता येणार नाही इतकं लांब. मला गंमत वाटली. आपल्याच खुर्चीत बसून दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं झालं.

२

मी एकटी राहते. वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर, एक खोली आणि स्वयंपाकघर. टेबल खिडकीशी आहे, आणि दिवसा स्क्रीनवर ऊन चमकतं म्हणून मी पडदा ओढून, टेबलावरचा दिवा लावून काम करते. तो पत्ता बसवल्यावर काम इतकं अंगावर आलं की मी घराबाहेर पडेनाशी झाले. सामान दारात येत होतं. कचरासुद्धा मी दाराबाहेर ठेवायची आणि दार लावून घ्यायची.

आमच्या कामाची प्रमुख माझ्याच वयाची आहे. तिला आम्ही सगळे कॅप्टन म्हणतो आणि तिला ते आवडतं. ती रोज दुपारी व्हिडिओ कॉल घेते. एका दुपारी मी किमतींचा तक्ता वाचून दाखवत होते आणि ती मध्येच थांबली.

“बाबा आले वाटतं तुझे?”

बाबा यायचे होते, पण त्याला अजून अवकाश होता. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि औषध घालायला कुणीतरी हवं म्हणून ते थोडे दिवस माझ्याकडे राहणार होते. मी तिला तसं सांगितलं.

“मग मागे कोण खाकरलं?” तिने विचारलं.

मी मागे वळून बघितलं. पलंग, कपाट, स्वयंपाकघराचं दार. कुणी नव्हतं. मी म्हटलं, शेजारचे असतील. कॅप्टनने मान हलवली आणि पुढच्या तक्त्याकडे वळली. पण आमचे कॉल साठवले जातात. संध्याकाळी मी तेवढा भाग पुन्हा ऐकला. माझा आवाज होता, मी एका पंख्याची किंमत वाचत होते आणि माझ्या मागे, खोलीच्या आतच म्हणावं इतक्या जवळून, एक पुरुष घसा साफ करत होता. कुणाचं तरी लक्ष वेधायला करतात तसा.

निवांतला मी हसत हसत विचारलं, त्या घरातले आवाज इकडे येऊ शकतात का? तोही हसला. तिथून फक्त पत्ता येतो मॅडम, म्हणाला. बाकी काही येण्याजाण्याची सोयच नाही.

मला ते पटलं. पटायलाच हवं होतं.

३

त्यानंतर माझा हात चुकायला लागला.

माझ्या घरात स्वयंपाकघराच्या दाराच्या डावीकडे दिव्याची बटणं आहेत. अंधारातही हात बरोबर जातो. एके दिवशी चहा करायला उठले, हात डावीकडे नेला आणि बोटं नुसत्या भिंतीवर आपटली. बटणं उजवीकडे होती. मी दिवा लावला, चहा केला आणि स्वतःला समजावलं की उजवीकडेच असतील. रोजची गोष्ट आपण बघतो कुठे? आपल्याच जिन्याला पायऱ्या किती, हे विचारलं तर किती जणांना सांगता येईल?

मग मोरीत ठेच लागली. उंबऱ्यासारखं काहीतरी पायात आलं. खाली वाकून पाहिलं तर खरंच एक बुटकी पायरी होती, कडा झिजलेली, कुणाच्या तरी पायांनी गुळगुळीत झालेली. एवढी झिजायची तर किती वर्षं लागत असतील, असा विचार मनात आला. आमची इमारत तर नवी आहे. मी अंगठ्याला हळद दाबली आणि परत कामाला बसले.

आणि लिफ्ट. लिफ्ट थांबली की आमच्या मजल्यावर घंटी वाजते. सुरुवातीला त्या घंटीने मला नको नको केलं होतं. ती कित्येक दिवसांत ऐकू आली नव्हती. वरच्या घरातली खुर्ची ओढल्याचा आवाजही नव्हता. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून असते, त्यामुळे असेल. ते काढून थोडा वेळ बसून पाहिलं. अगदी शांत होतं. माणसं कामावर गेल्यावर घर शांत असतं तसं ते नव्हतं. चारी बाजूंनी जाड भिंती असाव्यात तसं होतं.

डोकं ठिकाणावर आणायला चार दिवस सुटी काढ, असं मी स्वतःला बजावलं. बाबा आले की काढायची, असंही ठरवलं.

४

बाबा यायचे त्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी फोनवरून सामान मागवलं. डोळ्यांचे थेंब, कापूस आणि काळा चष्मा. फोन समोर ठेवून काम करत होते. बेल वाजली नाही, पण फोनवर आलं, सामान पोचलं, तुमच्या हातात दिलं.

मी सामान आणणाऱ्याला फोन लावला. त्याच्या मागे रहदारीचा गलका होता. मी म्हटलं, भाऊ, चुकीच्या घरी दिलंत वाटतं.

“नाही हो मॅडम, तुम्हीच तर घेतलंत,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणालात ना, बरं झालं लवकर आणलंत, बाबा पोचायच्या आत हवं होतं म्हणून.”

त्याला वाटलं फोन कट झाला. त्याने दोनदा हॅलो म्हटलं आणि ठेवून दिला.

बाबा येणार हे त्याला कुठून कळलं? मी हिशेब मांडत बसले. डोळ्यांचे थेंब आहेत म्हणजे घरात म्हातारं माणूस आहे, हे कुणालाही सुचेल. खालच्या मजल्यावर एखादी बाई असेल, तिचेही वडील यायचे असतील, तिने गडबडीत पाकीट घेतलं असेल. असं होतं. फोनवर माझा पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. इमारत, मजला, घर, सगळं बरोबर होतं.

मी त्या प्रॉक्सीवर सगळा राग काढला. कॉम्प्युटरवरची आकड्यांची चौकट पुसून टाकली, बटण बंद केलं. फोनवरूनही काढलं. मग आपण कुठे आहोत ते सांगणारं पान उघडलं.

तेच लांबचं शहर.

वाय-फाय बंद केलं. फोनच्या स्वतःच्या नेटवर पुन्हा पाहिलं. तेच शहर. फोन बंद करून चालू केला, नकाशा उघडला. निळा ठिपका नकाशावर घरंगळत गेला, डोंगर आणि नद्या ओलांडून त्या शहरावर जाऊन थांबला आणि तिथेच धडधडत राहिला.

५

निवांतला फोन लावला. त्याने त्याच्या बाजूने बघतो म्हटलं. कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. या वेळी तो एकदाही निवांत म्हणाला नाही.

“मॅडम, तुमची जोडणी आमच्याकडून बंद झालेली दिसतेय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, मग अजून तेच शहर का दिसतं?

“तेच बघतोय.” पुन्हा टकटक. “हे आमच्यामुळे दिसत नाहीये. आमच्यामधून काहीच जात नाहीये आता.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तुम्ही जिथे आहात तेच दिसतंय.” तो अडखळला. “मॅडम, तुम्ही आत्ता कुठून बोलताय?”

घरातून, मी म्हटलं. माझ्या घरातून. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला असावा, कारण तो एकदम मऊ बोलायला लागला. काही तास थांबा, कधीकधी जुनी नोंद पुसायला वेळ लागतो, मी वरच्यांशी बोलतो. फोन ठेवताना त्याने सांगितलं, तोवर जरा मोकळ्या हवेत फिरून या.

मी खरंच उठले. चपला दाराशी असतात. तिथे त्या नव्हत्या. त्या शोधत असतानाच बाबांचा फोन आला.

६

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. आयुष्यभर मुलांच्या रांगोळ्या आणि पतंग तपासून त्यांच्या आवाजात एक कायमची गंमत उतरली आहे. मला लहानपणापासून सरकार म्हणतात.

“सरकार, अहो तुमचा फोन वाजतोय की नाही बघायला लावलाय,” ते म्हणाले. “आता आतून ओरडू नका, मला कळलं वाजतोय ते.”

मी विचारलं, बाबा, कुठपर्यंत आलात?

ते हसले. मस्करी चाललीय असं त्यांना वाटलं. म्हणाले, पलंगापर्यंत आलोय, पाय पसरलेत, चहाची वाट बघतोय.

मी आवाज शांत ठेवून म्हटलं, बाबा, तुम्ही माझ्याकडे अजून आलेला नाहीत. कुठल्या मजल्यावर उतरलात? दार कुणी उघडलं?

“तूच उघडलंस,” ते म्हणाले. “बॅग घेतलीस, माझा हात धरून आत आणलंस. डोळ्याला पट्टी असली तरी दुसऱ्याने दिसतं गं मला. थोडं धुरकट दिसतं, एवढंच.”

एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्यालाही मोतीबिंदू. मी त्या धुरकटपणाला घट्ट धरलं. खालच्या मजल्यावरची बाई, जिने सकाळी पाकीट घेतलं तीच. तिचे वडील येणार होते आणि माझे पोचले. घरं सगळी एका साच्याची, दारं एका रंगाची. बाईला ओशाळल्यासारखं होत असेल, म्हाताऱ्या माणसाला कसं सांगावं म्हणून ती बोलत नसेल. आता एक जिना उतरायचा, दार वाजवायचं, माफी मागायची आणि बाबांना वर आणायचं. वर्षभर पुरेल असा किस्सा होईल.

मी बाबांना म्हटलं, आहात तिथेच बसा, मी येते.

“ये की,” ते म्हणाले. “चहा घेऊनच ये.”

मग त्यांच्या मागून एक आवाज आला. साखर किती घालू, असं कुणीतरी विचारत होतं. बाबांनी फोन बाजूला घेऊन, नेहमीसारखी, असं सांगितलं.

माणसाला स्वतःचा आवाज चटकन ओळखू येत नाही म्हणतात. पण मी रोज माझे कॉल ऐकते. मला येतो.

७

दाराला माझ्याकडे दोन कड्या आहेत, वर एक आणि मध्ये एक. मी हात घातला. आतून कडी नव्हती. जिथे कडी असते तिथे लाकडात जुनी भोकं होती, खिळे उपटल्यावर राहतात तशी, आणि त्यांवर रंगाचा हात फिरलेला होता. मी दार ओढलं. ते बोटभरही हललं नाही. दाराच्या पलीकडे काहीतरी लोखंडी खणकलं आणि लोंबकळत थांबलं.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

फोन चालूच होता. बाबा काहीतरी बोलत होते. मी दार ओढत राहिले, मग हाताने बडवलं, मग खांद्याने. तो आवाज घराबाहेर जातच नव्हता, पिशवीत शिंकल्यासारखा माझ्याच अंगावर परत येत होता. मी खिडकीकडे धावले आणि पडदा बाजूला केला. काचेला आतून खाकी कागद चिकटवला होता. कोपरे पिवळे पडलेले, कागद किती जुना कोण जाणे. पडद्याच्या कडेने रोज दिसणारा उजेड त्या कागदातून येत होता. मी नखांनी तो फाडला. मागे गज, आणि गजांपलीकडे हात लांब केला तर लागेल इतकी जवळ एक भिंत, वर कुठूनतरी झिरपणारा दिवसाचा उजेड. माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो. औषधाचं दुकान दिसतं.

तेवढ्यात फोनने सूर बदलला. बाबांच्या अंगठ्याला नको ते बटण लागतं, नेहमीचंच आहे. व्हिडिओ सुरू झाला होता.

आधी त्यांचा कान दिसला. मग छत, फिरणारा पंखा. ते पुटपुटत होते, हे काय झालं म्हणून. मग त्यांनी फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला आणि चित्र स्थिर झालं.

ते माझं घर होतं. पलंग, त्यावरची माझी निळी चादर, बाबांची बॅग. पडदा उघडा होता आणि फरशीवर ऊन पडलं होतं. मागे स्वयंपाकघराचं दार, आणि बटणं दाराच्या डावीकडे. बाबा खालच्या मजल्यावर गेले नव्हते. बाबा अगदी बरोबर ठिकाणी पोचले होते.

मी फोनवरून नजर काढली. मी टेबलाशी उभी होते. टेबल माझं होतं, दिवा माझा होता, कॉम्प्युटरवर किमतींचा तक्ता तसाच होता. त्या दिव्याच्या उजेडापलीकडे मी किती दिवसांत धड बघितलंच नव्हतं. आता दिवा उचलून वर धरला.

भिंती हिरव्या होत्या. कमरेइतक्या उंचीवर सगळीकडे एक काळपट पट्टा होता. कुणीतरी भिंतीला पाठ घासत खोलीभर चालत राहिलं की पडावा तसा.

८

फोनमध्ये ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. चेहरा चौकटीत आला नाही. माझा घरात घालायचा सदरा, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या. तिने बाबांची हनुवटी वर केली, पट्टी बाजूला सारली, खालची पापणी अलगद ओढली आणि डोळ्यात थेंब टाकला. बाबा म्हणाले, हात हलका आहे हो सरकार तुमचा. मी त्यांना हाक मारली. बाबा, ती मी नाही. माझ्याकडे बघा, फोनकडे बघा. ते डोळा मिटून बसले होते. त्यांनी विचारलं, फोनवर कोण ओरडतंय?

“कामाचा फोन आहे,” ती म्हणाली. “तुम्ही डोळा उघडू नका. मी बोलते.”

तिने फोन उचलला. चित्रात तळहाताचा काळोख झाला. पावलं स्वयंपाकघरात गेली, दार लोटल्याचा आवाज आला.

“हळू बोला,” ती म्हणाली. माझाच आवाज, पण शब्द जरा जपून टाकणारा, वापरातून गेलेली भाषा पुन्हा बोलावी तसा. “ते घाबरतील. ऑपरेशन झालंय, त्यांना रडू देऊन चालणार नाही.”

मी तिला विचारलं, तू कोण आहेस? मग ओरडले, शिव्या दिल्या, मग विनवलं. बाबांना काही करू नकोस, असं म्हटलं. तिला ते लागलं असावं.

“छे,” ती म्हणाली. “मी त्यांचं सगळं नीट करीन. किती तरी वर्षांनी कुणीतरी माझ्या हातचा चहा मागितला.”

मला बाहेर काढ, मी म्हटलं.

तिचा श्वास ऐकू येत होता. बोलली तेव्हा नव्या भाडेकरणीला नळाची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने बोलली.

“संध्याकाळी कुलूप काढतात. ताट दाराशी ठेवतात, ते लगेच उचला. पावलं वाजली की हाक मारू नका. त्यांना हाक मारलेली आवडत नाही. सुरुवातीला मीही मारायचे.”

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

मी कॅप्टनला लिहिलं, मला मदत हवी आहे, मी माझ्या घरात नाही. तिचं उत्तर आलं, हसरा चेहरा आणि खाली, अगं आत्ताच तर बाबांशी बोलणं करून दिलंस, झोप काढ जरा. मी पोलिसांचा नंबर लावला. तो त्या लांबच्या शहरात लागला. बाईमाणूस होतं, धीराने ऐकून घेत होतं. तिने विचारलं, घर कुठे आहे? मला माहीत नव्हतं. रस्ता, खूण, शेजारी काय आहे? भिंत, मी म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, काहीतरी पत्ता असेलच ना? मी तिला ते आकडे वाचून दाखवले. टिंबांसकट. ती म्हणाली, हा पत्ता नाही बाई.

मग निवांतला लावला, त्याने उचलला. मी त्याला म्हटलं, ते घर शोधा, तुमच्याकडे त्यांची माहिती असेल. त्याचा आवाज रडवेला झाला होता. घर कुठलं ते आम्हालाही कळत नाही मॅडम, फक्त शहर कळतं, शपथेवर सांगतो. मग त्याने विचारलं, मी दुसरा पत्ता बसवून देऊ का? मी हो म्हटलं. त्याने आकडे सांगितले, मी भरले, कॉम्प्युटरवर आणि फोनवरही. दोन्हीकडे लाल अक्षरात आलं की हा पत्ता या जोडणीवर चालत नाही. तिसरा भरला, चौथा भरला. मी भरत राहिले आणि तो सांगत राहिला, आणि मग कधीतरी फोन नुसताच गप्प झाला.

कागद फाडला होता तिथून येणारा उजेड आधी पिवळा झाला, मग तांबूस. मी दाराशी जाऊन जमिनीवर बसले. काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. माझं नाव, माझ्या इमारतीचं नाव, बाबांचा नंबर. दार उघडलं की सगळं एका दमात बोलून टाकायचं. कुणीही असलं तरी माणूसच असेल, माणसाला ऐकू येतं.

खाली कुठेतरी फाटक वाजलं. मग जिना. सावकाश, जड, एका पायावर जास्त भार देणारी पावलं. त्यांच्या मागे आणखी एक जोडी, त्याहून हलकी. ती माझ्या दारापाशी येऊन थांबली. दाराखालच्या फटीतला उजेड दोन ठिकाणी तुटला.

कुलपात किल्ली फिरली. मी तोंड उघडलं होतं.

मी हाक मारली नाही.